शेवटचा जीव

नेपाळी यात्रेकरूने अजिंठ्याच्या बुद्धमूर्तीपुढे बोधिसत्त्वव्रत घेतले होते: शेवटचा जीव सुटल्याशिवाय मी सुटणार नाही. परतताना तो अकोल्याच्या कापसाच्या कारखान्यात मजुरीला लागला, तेव्हा व्रत ऐकून मुकादम हसला: "मंग तुले कदीच सुटी नाई, बावा!" आज रुईने पेट घेतला. अमेरिकेतल्या लढाईने तिकडचा कापूस अडून भाव चढलेल्या रुईच्या गठाणी वाचवण्यासाठी शेठने दार लावून आग कोंडायला सांगितले. आतल्या माणसांचा भाव चढला नव्हता. यात्रेकरूने चौकटीत आडवा खांदा रोवला. मुकादमाने बाहेरून पहारीने तो ठेचला, हाड मोडले, तरी दार लागेना. बावाच्या पायांमधून मजूर सरपटत सुटले. मुकादमाने पहार टाकली. "सारी मानसं सुटली, बावा. आता तू बी सूट!" आत गठाणी आवळायच्या दाबयंत्राला जुंपलेला बैल हंबरला. व्रतातला शब्द माणूस नव्हता, जीव होता. यात्रेकरू आत वळला; खांदा निघताच शेठचे दार नीट लागले.