आत पाहणारा नरसिंह

विजयनगरमच्या त्या गल्लीत घरोघरी दारावर पितळी नरसिंह रस्त्याकडे डोळे वटारून बसलेले. दुसरेपणावर आलेल्या सुवर्चलाच्या सासरी मात्र आजेसासऱ्यांच्या काळचा तो मुखवटा सासूनं लग्नाच्या दिवशीच उतरवून दाराच्या आतल्या बाजूला टांगला. सुवर्चलाच्या मनात पाल चुकचुकली. शेवटी तिनं विचारलंच, "अत्तय्या, अरिष्ट बाहेरून येतं ना? मग स्वामींचे डोळे माझ्यावर कशाला? मी काय अवदसा आहे?"

सासूनं आधी अंगणात मुलगा नाही ना, ते पाहून घेतलं.

"तुझ्यावर नाहीत, पोरी. प्रल्हादाच्या जिवावर कोण उठलं होतं? बाहेरचं कुणी?" म्हातारीचा आवाज खाली आला. "तुझ्या नवऱ्याची पहिली बायको विहिरीत पडली, तेव्हा स्वामी रस्त्याकडे बघत होते."