हेनूला पत्र

"वाडगं लहान आहे, बाई. मोजकंच सांगा," असं म्हणत लेखनिकाने बोरू शाईत बुडवला.

इपीची लेक आठ दिवस तापाने फणफणत होती. मेलेला बापच रुसलाय, त्याला जाब विचार, असं शेजारणीने बजावलं होतं. मेलेल्या माणसाला मातीच्या वाडग्यावर पत्र लिहायचं आणि त्यात खाऊ भरून ते थडग्यापाशी ठेवायचं, ही नाईलकाठची जुनी रीत.

"लिहा. हेनू, मी तुझं काय वाकडं केलं होतं?" इपी तावातावाने म्हणाली आणि थबकली. पुढचे शब्द आले ते हळू आवाजात. "पूर आला की तू पोरीला खांद्यावर घेऊन पाणी दाखवायला न्यायचास. चिखलाच्या पायांनी तसाच घरात शिरायचास. मी ओरडले की दोघं फिदीफिदी हसायचात. आता जमीन कशी लख्ख असते रे. कुणी मळवतच नाही."

गोल गोल लिहीत लेखनिक वाडग्याच्या तळाशी पोचला. "जागा संपली, बाई. तापाचं तर राहूनच गेलं!"

"राहू द्या. ते मी तोंडी सांगेन त्याला."

खजुराने भरलेलं वाडगं तिने थडग्यापाशी ठेवलं आणि पोरीसाठी हात जोडले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

"चांगलं खडसावलंस वाटतं नवऱ्याला!" शेजारीण खुशीत म्हणाली.

इपी "हो" म्हणाली, आणि हेनू गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर रडली.