बाळावर काही लादायचं नाही

"गुलाबी नको, निळा नको. बाळावर आपण काहीच लादायचं नाही," असं म्हणत नडीनने सुनेच्या बेबी शॉवरसाठी तिच्याच घरामागचं अंगण पांढऱ्या आणि फिकट हिरव्या रंगांत सजवलं होतं. ओकच्या झाडाखाली बसून मैत्रिणी लाकडी चकत्यांवर बाळासाठी लिहीत होत्या, "तुला हवं ते हो."

सून ग्रेटा माहेराहून आली ती थेट अंगणातच. उद्यापासून वरच्या आपल्या अभ्यासाच्या खोलीत दार लावून बसायचं आणि बाळ यायच्या आत प्रबंध संपवायचा, असं मनाशी घोकत ती केक कापायला वाकली. टेबलाच्या कडेला, ताज्या पांढऱ्या रंगाखाली, सर्किट जोडताना तिच्याच हातून पडलेल्या सोल्डरिंगच्या चटक्याचा ओळखीचा खळगा तिच्या बोटांना लागला.

"नडीन, हे टेबल..."



"तुझंच गं, राणी! वर बाळाच्या खोलीत आता ते कशाला हवंय?"