रिकामी ओळ

तपासणी केंद्रातला कॉम्प्युटरवाला म्हणजे नुसता जादूगार, विचारू नका. एका फायलीत दोनशे नावं, दुसरीत त्याच क्रमाने निकाल. काळ्या पडद्यावर याने एक कमांड मारली की दोन्ही रकाने शेजारीशेजारी उभे.

त्या दिवशी निकालांच्या रकान्यात मध्येच एक ओळ रिकामी होती.

"कुणीतरी तपासणीला आलं नसेल, असू दे ती," नर्सबाई म्हणाल्या.

"रिकामी ओळ म्हणजे कचरा, ताई," म्हणत त्याने ती उडवली. खालचे सगळे निकाल शिस्तीत एकेक ओळ वर सरकले.

त्याच यादीत बरंच खाली त्याच्या सासूबाईंचं नाव होतं आणि त्यांच्या लगेच खाली त्याचं स्वतःचं. तो ठणठणीत निघाला. सासूबाईंचं हृदय मात्र जेमतेम सहा महिने टिकेल, असं छापून आलं. त्याने चारचौघांत तोंड पाडलं आणि संध्याकाळी टेप घेऊन त्यांची खोली गाठली.

"काय मोजताय, जावईबापू?"

"काही नाही हो आई, इथे माझं टेबल बसेल का बघतोय."

***

सहा महिन्यांनी टेबल अगदी फिट्ट बसलं. सासूबाई रोज सकाळी त्यावरचा जावईबापूंचा हार घातलेला फोटो पुसतात.