भुवईवरचा व्रण

"एवढं जड काय रे पिशवीत?" सिउ-फुंगने विचारलं.

"संत्री. देवाला," मान-कित म्हणाला.

"देव काय उपाशी बसलाय होय?"

सगळे स्टंटवाले हसले. मान-कितही हसला. कुणाशी तोंड वाजवायचा त्याचा स्वभावच नव्हता. पिशवी सांभाळत तो खोक्यांच्या ढिगाकडे गेला.

हाँगकाँगच्या त्या स्टुडिओत तेव्हा गाद्याबिद्या कोण देणार? उडी मारायची ती पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यांवर. आणि याउ उस्तादांच्या टोळीचा नियम असा, की उडी मारणाऱ्याशी ज्याचं सगळ्यात वाकडं, खोकी त्यानेच रचायची. काही झालं तर पहिली मानगूट त्याचीच धरली जाणार, म्हणून तो जिवाला जपून रचतो, असं उस्तादांचं म्हणणं.

मान-कितशी वाकडं होतं सिउ-फुंगचं. नव्या सिनेमाचा नायक या दोघांतून निवडायचा होता. पोस्टर रंगवून तयार होतं, फक्त चेहऱ्याची जागा कोरी. आज गच्चीवरून मान-कित उडी मारणार, उद्या सिउ-फुंग. ज्याची उडी निर्मात्याच्या मनात भरेल, त्याचा चेहरा त्या जागी. सिउ-फुंग टोळीत जुना, घरी बायको गरोदर. "हे कालचं पोर माझ्या डोक्यावर बसतंय," असं तो येता-जाता ऐकवायचा. "बघून घेईन."

त्या सकाळी मान-कितच्या आईचाही जीव थाऱ्यावर नव्हता. पेजेबरोबर द्यायला ती बरणीतला मोहरीचा खारवलेला पाला काढत होती. पाला दाबायला वर पाण्याने भरलेली बाटली ठेवली होती, ती सारखी कलंडत होती आणि आईची चिडचिड चालली होती.

"त्या सिउ-फुंगच्या खोक्यांवर उडी मारणार तू?"

"नियमच आहे आई."

"चुलीत घाल तो नियम! तुझं काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"काही होत नाही गं. पेज वाढ."

आता ढिगाशी आल्यावर त्याने उदबत्त्या पेटवल्या. उडी मारणाऱ्याने पडायच्या जागेला, तिथल्या देवाला नि भुताखेतांना मान द्यायचा असतो. तेवढा वेळ बाकीच्यांनी पाठ फिरवून उभं राहायचं. भुतं जेवताना बघू नये म्हणतात. मान-कितने ढिगाभोवती फिरून, ठिकठिकाणी वाकून संत्री मांडली. परतला तेव्हा पिशवीची घडी काखेत होती.

गच्चीवरून त्याने खाली पाहिलं. सिउ-फुंग वरचं खोकं हाताने दाबून बघत होता. त्याने मान वर केली आणि तो हसला. ते हसणं उस्तादांना मुळीच आवडलं नाही. नंतर त्यांनी सगळ्यांना तसं सांगितलंही.

मान-कितने उडी घेतली. खोकी फाटत गेली आणि मध्येच ठक्क असा आवाज आला. रिकाम्या खोक्यांतून असा आवाज येत नाही.

तो उठला तेव्हा भुवई फाटून डोळा रक्ताने भरला होता. उस्तादांनी वेड्यासारखी खोकी उपसली. एका खोक्यात तळहाताएवढा चपटा, गुळगुळीत दगड निघाला. त्याच्या कडेला मिठाचा पांढरा थर होता.

"समुद्रावरून उचलून आणलास होय रे?" उस्तादांनी सिउ-फुंगची मानगूट धरली. "पोराने हवेत अंग वळवलं म्हणून वाचला! सरळ पडता तर डोकं फुटलं असतं!"

"उस्ताद, मी नाही! बायकोच्या पोटातल्या लेकराची शपथ!"

"जाऊ द्या उस्ताद," फडकं डोळ्यावर दाबत मान-कित म्हणाला. "चुकून राहिला असेल."

"दगड चुकून राहतो?"

सिउ-फुंगने टोळीचं जाकीट काढून जमिनीवर ठेवलं. तो लहान मुलासारखा रडत होता. बातमी सगळ्या स्टुडिओंत पोहोचली आणि त्याला पुन्हा कुणीच उभं केलं नाही. बरी अद्दल घडली, असं लोक म्हणाले.

मान-कितचं काय झालं ते जगाला ठाऊक आहे. त्याच्या भुवईवरचा तो व्रण पोस्टरवाले आवर्जून रंगवायचे, पोरं कोळशाने तसा काढून गल्लीत मारामाऱ्या खेळायची. उस्तादांना मात्र कुणी त्या व्रणाबद्दल विचारलं की ते विषय बदलत. म्हाताऱ्याला अजून त्या दिवसाचा त्रास होतो, असं लोकांना वाटे.

त्या दिवशी संध्याकाळी उस्ताद स्वतः मान-कितच्या खोलीवर आले होते. आई नळावर गेली होती.

"चेहरा तुझाच," उस्ताद म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "निर्माता म्हणतो, जखमेसकट पाहिजे. आणि असल्या दिवशी तू त्या नालायकाची बाजू घेतलीस. तुझ्यासारखं मन मी टोळीत पाहिलं नाही बाबा."

मान-कितने मान खाली घातली.

उस्तादांनी खिशातून तो दगड काढून टेबलावर ठेवला. "हा तूच समुद्रात फेकून ये. ज्याला लागला त्याने फेकला की इडापीडा टळते."

मान-कितने दगडाकडे हात नेला, तेवढ्यात बादली घेऊन आई आत आली. लेकाची पट्टी बघून तिने आधी त्याला जवळ घेतलं, त्याचं तोंड कुरवाळलं, देवाचे आभार मानले. मग तिची नजर टेबलावर गेली आणि तिचा चेहरा खुलला.

"अगंबाई, सापडला का! कालपासून सगळं घर पालथं घातलं मी. उस्ताद, माझ्या बरणीतला दगड तुमच्याकडे कसा आला?"