जीवदान

सुलेखा वेंगुर्ल्याची, पण लग्नानंतर बारा वर्षांत तिने घरात मासा आणला नव्हता, कारण परीक्षितला नुसत्या वासाने मळमळायचं. तोच परीक्षित आता दर शनिवारी अमेरिकेतल्या रेडमंडमधल्या घरून दीड तास ड्राइव्ह करून नदीच्या पाण्यात कमरेपर्यंत उभा राहायचा, गळाला पिसांची खोटी माशी बांधून ट्राउट मासे पकडायचा आणि सोडून द्यायचा. ऑफिसातल्या गोऱ्यांनी लावलेला नाद. आज फोटो काढायला तिला आणलं होतं.

"चेहरा नीट येऊ दे," तो म्हणाला. म्हणजे त्याचा. मासा त्याच्या मुठीत तोंड उघडत-मिटत होता. जबड्यावर आधीच्या कुठल्यातरी गळाची जखम होती, ती पुन्हा फाटली होती.

"तडफडतोय तो, परीक्षित."

"काही होत नाही यार. आपण थोडेच खातो?"

चौथा फोटो पसंत पडल्यावर त्याने मासा सोडला आणि फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. पुण्याहून सासूबाईंनी लगेच लिहिलं, 'मुक्या जिवाला जीवदान दिलंस बाळा, पुण्य लागेल.'

परतताना सुलेखाने वाटेत गाडी थांबवायला लावली आणि मासळीच्या दुकानातून अख्खा रावसाएवढा मासा घेऊन आली. परीक्षितने नाकाला रुमाल लावला.

"हे घरात शिजवणार? किळस येते मला."

"मघाशी मलाही आली," पिशवी मांडीवर घेत सुलेखा म्हणाली. "हा निदान एकदाच मेलाय."