पाच चिंचोके
समुपदेशन केंद्रात आयांच्या गटात कुंदाताईंनी प्रत्येकीच्या हातावर पाच चिंचोके ठेवले. "आज फक्त स्वतःबद्दल बोलायचं. मुलांचा विषय निघाला की एक चिंचोका परत या वाटीत."

शुभदाचं लक्ष बंद दाराकडे होतं. पलीकडे मुलांचा गट बसला होता. त्यांनाही हाच नियम होता, आईबाबांचा विषय निघाला की चिंचोका परत. तिची मुलगी ओवी दोन महिने घरात एक शब्द बोलली नव्हती. तिथे तरी तोंड उघडत असेल का?

"शुभदा, कशी आहेस?" कुंदाताईंनी विचारलं.

"बरी आहे. काल ओवी पोटभर जेवली."

"टाका एक वाटीत," शेजारची हसली.

"सकाळी फिरायला जाईन म्हणते, पण ओवी उठायच्या आत..."

"अजून एक."

बघता बघता तिची मूठ रिकामी झाली, आणि स्वतःबद्दल बोलायला काही सुचेना.

दार उघडलं. ओवी येऊन चपला शोधू लागली. ओठांवर आलेला प्रश्न शुभदाने गिळला.

"तुझे किती उरले?" ओवीनेच विचारलं.

"एकही नाही."

ओवीने आपली मूठ उघडली. तीही रिकामी होती.